एक्स म्हणजे कोण?

देवरे सरांना एखाद्या गोष्टीची किळस आली की ते खिशातला रुमाल काढून नाकाला लावायचे. तिथे वास असो वा नसो. चार घड्यांचा पांढरा रुमाल डाव्या खिशात आणि खडू उजव्या खिशात, हे ठरलेलं. खडू अट लिहायला आणि रुमाल ती मोडणाऱ्याकडे बघायला. नाशकात अटी मोडणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती, त्यामुळे रुमाल बराच वेळ बाहेरच असायचा.

मी तो पहिल्यांदा पाहिला शाळेच्या फाटकाशी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी नुकताच नववीत गेलो होतो. आमच्या बबनच्या रिक्षात आम्ही अकरा जण बसायचो. मागे सात, बबनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, त्यातल्या कडेच्या दोघांचा एकेक पाय बाहेर आणि सगळ्यांची दप्तरं हुकांना लोंबकळत. त्या दिवशी एक उंच, काटकुळे, तेल लावून भांग पाडलेले गृहस्थ रिक्षाभोवती सावकाश एक फेरी मारून आले. आम्हाला बोटाने मोजलं आणि मागच्या काळ्या रेक्झिनवर खडूने लिहिलं : x ≤ ५.

"काय लिहिता सर?" बबनने विचारलं.

"तुझ्या रिक्षाची अट. एक्स पाचापेक्षा लहान किंवा पाचाइतका. परमिटवर तीनच आहेत. पोरं लहान म्हणून मी पाच धरलेत."

"चालतंय की सर. बारीक हायेत पोरं. दाबून बसतात."

रुमाल बाहेर आला. "हाई काय शे?" सर रुमालाआडून म्हणाले. ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी अगदी छापील मराठी बोलायचे, पण शिसारी आली की तोंडातून अहिराणी यायची. त्यांनी आमच्यातल्या सहा जणांना, त्यात मीही होतो, खाली उतरवलं आणि आम्हाला घेऊन स्वतः पंचवटीपर्यंत चालत आले. वाटेत मला विचारलं, "नाव काय? बोरस्ते? बरं बोरस्ते, मी रिक्षावर लिहिलं त्यातला एक्स म्हणजे कोण?" मला काय माहीत. मी भुकेने कळवळलो होतो. "तू," ते म्हणाले, "तू, हा, ती पुढची चष्मेवाली. एक्स म्हणजे तुम्ही." पुढचे आठ दिवस ते आम्हाला रोज असे चालवत नेत होते. नवव्या दिवशी बबनने आणखी दोन रिक्षावाल्यांना सोबत घेतलं. आमच्या घरच्यांनी सरांना शिव्या घातल्या, कारण आता तीन रिक्षा म्हणजे महिन्याचा दर वाढला.

बीजगणिताचं पुस्तक त्यांच्या हातात मी क्वचितच पाहिलं. असमीकरणांचा धडा आला तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "समीकरण हे सुखी माणसाचं गणित आहे. दोन्ही बाजू सारख्या. जगात असं कुठे असतं? जगात फक्त अटी असतात. इतकं तरी हवंच आणि इतक्याच्या वर नको. त्या लिहायला शिका." मग घरचा अभ्यास म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरातल्या पाच अटी लिहून आणायच्या. कुणी आजीच्या झोपेच्या गोळ्या लिहिल्या, कुणी नळ चालू असेपर्यंत भरता येणारे हंडे. मी लिहिलं, x ≤ २, आमच्याकडे एका वेळी दोनच लाडू मिळतात म्हणून. वहीवर लाल शेरा आला : "एक्स म्हणजे कोण? लाडू की खाणारा?"

हाच त्यांचा कायमचा प्रश्न. चिन्ह चुकलं तर ते रागवायचे नाहीत, समोर बसवून पुन्हा सांगायचे. पण एक्स म्हणजे काय ते न लिहिता कुणी थेट गणिताला हात घातला की रुमाल निघालाच. "माणूस आहे, गोणी आहे, की मिनिटं आहेत? आधी ते लिही. नाहीतर ही अट नाही, नुसती खडूची रेघ आहे." आणि दुसरं वाक्य, जे मी आयुष्यात शंभरदा ऐकलं आणि एकदाही नीट ऐकलं नाही : "अट मोडत असेल तर अट खोडायची नाही. एक्स बदलायचा."

ते स्वतः हे करायचे, म्हणून तर त्यांचा इतका वैताग यायचा. आमच्या वर्गाची मंजूर संख्या साठ आणि आम्ही चौऱ्याऐंशी. एका बाकावर पाच. सरांनी दारावर x ≤ ६० लिहिलं, चोवीस जणांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर उभे राहून एकदा आत तोंड, एकदा बाहेर तोंड असं शिकवू लागले. मुख्याध्यापक आले. गोड बोलणारा माणूस. "देवरे सर, जरा सांभाळून घ्या. सगळीकडे असंच चालतं." सरांनी त्यांच्या तोंडासमोर रुमाल नाकाला लावला. दीड महिना त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून शिकवलं, तेव्हा कुठे नवी तुकडी निघाली. त्यानंतर त्यांना पर्यवेक्षक कधी केलं नाही, हे सांगायला नकोच.

एक सांगतो, नाहीतर मी त्यांना देव्हाऱ्यात बसवतोय असं वाटेल. हा माणूस भयंकर सोवळा होता. बाहेरचा चहा घ्यायचा नाही. चिखल असेल तर भाजीबाजाराच्या कडेनेच परतायचा. शेणाचा, माशांचा, डिझेलचा, घामाचा, सगळ्याचा वास त्यांना नकोसा व्हायचा. जग त्यांनी फळ्यापासून पहिल्या बाकापर्यंतच्या अंतरावरून पाहिलं. कागदावर लिहिलेलं मात्र त्यांना स्वच्छ वाटायचं. कागदावर त्यांचा फार विश्वास होता.

दहा-बारा वर्षं गेली. मी शेतकीची पदविका करून दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसवर मॅनेजर झालो. मालक अण्णा. त्यांच्या स्वतःच्या बागा आणि आसपासच्या दहा-पंधरा जणांच्या बागा, सगळा माल परदेशी जायचा. परदेशी ग्राहकाने एका वर्षी औषधाच्या अंशावरून अण्णांना चांगलीच तंबी दिली होती आणि नंतर फॉर्मांचा गठ्ठा पाठवला होता. कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध कधी मारलं, काढणीला किती दिवस राहिले, मणी केवढा, गोडी किती, सगळं रोजच्या रोज नोंदवायचं. अण्णा म्हणाले, "कुणीतरी चोख माणूस बघा. सहीला वजन असेल असा." देवरे सर तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. मीच त्यांना घेऊन आलो. लोक मला विचारतात की त्या वेळी मनात काय होतं. खरं सांगायचं तर मला त्यांची सही हवी होती. त्यांची अक्कल नको होती.

सरांनी आल्या आल्या तो गठ्ठा वाचून काढला आणि पॅकहाऊसच्या भिंतीला एक फळा लावून घेतला. त्यावर सगळे नियम अटींच्या भाषेत. मण्याचा व्यास, x ≥ १६, खाली लिहिलेलं, 'x म्हणजे मिलिमीटर'. गोडी इतकी तरी हवीच. काढणीआधी शेवटच्या फवारणीला इतके दिवस तरी झालेले हवेत. पेटीचं वजन या दोन आकड्यांच्या मध्ये. पेट्या भरणाऱ्या बायकांना त्यांनी चिन्ह वाचायला शिकवलं : "तोंड ज्याच्याकडे उघडं, तो मोठा." महिन्याभरात बायका एकमेकींना फळ्यावरच्या अटी सांगून द्राक्षं बाजूला काढू लागल्या. माल इतका चोख निघू लागला की अण्णांनी सरांच्या खुर्चीला गादी करून दिली.

बागेत विरळणीला यायची ती टोळी पेठ तालुक्यातली. घडातले जादा मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले नीट फुगतात, ही विरळणी. द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, त्यामुळे दिवसभर मान वर करून काम. टोळीची पुढारीण यमुनाबाई, चाळिशीची, किडकिडीत, बोलायला सडेतोड. टोळीच्या झोपड्या पॅकहाऊसला लागूनच होत्या, त्यामुळे सकाळी कामावर जाण्याआधी ती फळ्यासमोर येऊन उभी राहायची. अक्षरओळख नव्हती, पण चिन्हं तिने पाठ केली होती. एके दिवशी तिने सगळा फळा सरांकडून वाचून घेतला आणि विचारलं, "यात आमची अट कंची हाय सर?"

"तुमची कसली अट?"

"दाक्षाला अट हाय, पेटीला हाय. औषध मारल्यावर किती दिसांनी दाक्ष खायाचं ते पन हाय. मंग औषध मारल्यावर आमी बागेत कवा शिरायचं, ते कुठं हाय?"

मी तिथेच कॉम्प्युटरवर बसलो होतो. सरांचा हात डाव्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. या खेपेला किळस त्यांना स्वतःची आली होती आणि त्यासाठी रुमाल कुणाच्या तोंडासमोर धरायचा ते त्यांना कळत नव्हतं, असं मला आज वाटतं. मग त्यांनी गठ्ठा पुन्हा काढला. त्यात ते होतं. बारीक अक्षरात, शेवटून दुसऱ्या पानावर. वाचायचं राहून गेलं होतं असंही नाही, पण त्याची अट करावी असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी फळ्याच्या सगळ्यात वर जागा केली आणि लिहिलं : x ≥ २४. खाली, 'x म्हणजे फवारणीनंतरचे तास'.

"आमाला कसं कळंल, कवा मारलं ते?" यमुनाबाईने विचारलं. "बागा कालव्यापल्याड. आमी हिथं."

"मला विचारायचं. रोज सकाळी. रजिस्टर बघून मी सांगेन. मी जा म्हटल्याशिवाय कुणी बागेत जायचं नाही."

त्या दिवसापासून हा रोजचा रिवाज झाला. यमुनाबाई विचारायची, "जायचं का सर?" सर रजिस्टर उघडायचे, फवारणीची तारीख-वेळ बघायचे, तास मोजायचे, अट पूर्ण झाली असेल तर लाल पेनाने बरोबरची खूण करायचे आणि म्हणायचे, "जा." नसेल तर टोळी दुसऱ्या प्लॉटवर. कधी कधी अर्धा दिवस फुकट जायचा. अण्णा हसून म्हणायचे, "नियम चांगला आहे सर, फक्त आपल्याला परवडला पाहिजे." सर म्हणायचे, "परवडणं ही वेगळी अट आहे अण्णा. ती या फळ्यावर नाही." मी मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो. फवारणीची वेळ रजिस्टरमध्ये लिहायचं काम माझ्याकडे होतं. सर बागेत कधी गेलेच नाहीत. औषधाच्या वासाने त्यांना मळमळायचं.

मग डिसेंबर आला आणि आभाळ आलं. ढगाळ हवा म्हणजे कीड आणि रोग दोन्ही. अण्णांनी सकाळी आठला तीन नंबरच्या प्लॉटवर ट्रॅक्टरच्या ब्लोअरने किडीचं औषध मारून घेतलं आणि साडेनऊला मला फोन केला. तीन नंबरची विरळणी आजच हवी, मणी फुगून घड दाटतायत, दोन दिवसांनी ग्राहकाचा माणूस पाहणीला येतोय, प्लॉट अर्धवट दिसता कामा नये. मी म्हटलं, आत्ताच औषध मारलंय, सर सोडणार नाहीत. "बोरस्ते, तुम्ही हुशार आहात," अण्णा म्हणाले. "सगळीकडे असंच चालतं."

अण्णांनी मला खोटं लिही असं सांगितलं नाही. ते लोक कधीच सांगत नाहीत. मी रजिस्टर ओढलं आणि तीन नंबरसमोर फवारणीची वेळ लिहिली, काल सकाळी सात. अक्षर नेहमीसारखंच आलं. मी चहाही मागवला.

यमुनाबाई दुसऱ्या टोकाच्या प्लॉटवरचं उरलेलं काम आटोपून आली होती. "सर, तीन नंबरला जायचं का?"

सरांनी रजिस्टर उघडलं. मी कॉम्प्युटरकडे बघत होतो, पण मला त्यांचा पेन ऐकू आला. लाल खूण. "सव्वीस तास होऊन गेलेत. अट पूर्ण. जा."

दुपारी तीनच्या सुमाराला टोळीतली एक बाई धावत आली. चार जणी ओकत होत्या. यमुनाबाईच्या डोळ्यांत वरच्या पानांवरचं औषध गळलं होतं, तिला डोळे उघडता येत नव्हते. आम्ही जीपमध्ये घालून त्यांना नाशिकच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. डिसेंबरातलं ढगाळ आभाळ खिडकीतून दिसत होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

सर संध्याकाळपर्यंत तिच्या खाटेशी बसले होते. ती डोळ्यांवर पट्टी घेऊन पडली होती. तिने त्यांना सांगितलं, मीही दाराशी उभा राहून ऐकलं, "बागेत शिरले तवाच वास आला सर. बाया मागं फिरत व्हत्या. मी म्हनलं, सरांनी हिशोब करून सांगितलंय, वास कालचा आसंल. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅकहाऊसवर पोचलो तेव्हा सर माझ्या आधी आले होते. ब्लोअरचा ड्रायव्हर रामदास त्यांच्यासमोरून नुकताच उठून जात होता. रजिस्टर उघडं होतं.

"बोरस्ते, हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तीन नंबरला औषध कधी मारलं?"

"अण्णांचा फोन आला होता सर, पाहणी होती—"

"मी अण्णांना विचारत नाही. त्यांची मला ओळख आहे."

आणि मग मी जे बोललो ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाण वाक्य आहे. मी म्हणालो, "सर, मी अट खोडली नाही. चोवीसला मी हात लावला नाही."

"नाही," सर म्हणाले. "तू एक्स बदललास. मीच शिकवलंय." मग त्यांनी विचारलं, अगदी नववीच्या वर्गात विचारायचे तशा आवाजात, "बोरस्ते, एक्स म्हणजे कोण?"

"तास," मी म्हटलं. "फवारणीनंतरचे तास, सर."

उत्तर बरोबर होतं. फळ्यावर तसंच लिहिलं होतं. सरांनी रुमाल काढला आणि माझ्याकडे बघत नाकाला लावला. बबन, मुख्याध्यापक, गावभरचे सगळे चालतंय म्हणणारे, त्या सगळ्यांनी पाहिलेला तो रुमाल. अकरा वर्षांपूर्वी ज्याला रिक्षातून उतरवून चालवत घरी नेलं त्याच्यासमोर. मग त्यांनी त्याच रुमालाने स्वतःच्या उजव्या हाताची बोटं पुसायला सुरुवात केली. लाल शाई कालच धुऊन गेली होती. तरी ते पुसत होते. "'जा' मी म्हटलं तिला," ते रुमालाकडे बघत म्हणाले. "तीस वर्षं कागदावर बरोबर शिकवलं. दोन किलोमीटरवर बाग आहे. मी वास घ्यायला गेलो नाही."

जाताना त्यांनी फळा पुसला. मणी, गोडी, पेटी, सगळं. वरची x ≥ २४ तेवढी ठेवली. खालचं 'x म्हणजे फवारणीनंतरचे तास' पुसलं आणि तिथे लिहिलं, 'x म्हणजे यमुनाबाई'. गणित म्हणून ते साफ चूक होतं. असं कुणी नववीत लिहिलं असतं तर त्यांनी लाल शेरा मारला असता. दुपारी अण्णा आले, वाचलं, "म्हातारा चळला," म्हणाले आणि फडकं मागितलं. फडकं मी दिलं.

त्या सकाळी पॅकहाऊसवरून सर दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना खरं सांगून आले. पोलिसांतही गेले, पण रजिस्टरवर 'अट पूर्ण' म्हणून खूण त्यांचीच होती, त्यामुळे तिथे त्यांचीच उलटतपासणी झाली. चौघी बऱ्या झाल्या. यमुनाबाईचा उजवा डोळा वाचला, डाव्यावर कायमचा पांढरा पडदा आला. आणि त्या हंगामाचा कंटेनर बंदरात तपासला गेला तेव्हा आमच्या द्राक्षांत औषधाचा अंशसुद्धा मर्यादेबाहेर नव्हता. ग्राहकाने अण्णांना कौतुकाचं पत्र पाठवलं. ते फ्रेम करून माझ्या टेबलामागे लावलंय.

मी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर हे लिहिताना जरा बरं वाटलं असतं. एकदा सरांच्या घरी गेलो होतो, पेढे घेऊन, मला मुलगा झाला तेव्हा. काकू बाहेर आल्या, पेढे घेतले, पाणी दिलं. सर आतल्या खोलीत होते, त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. ते बाहेर आले नाहीत.

पण बाकीचं मला कळत राहिलं. चिखलाच्या कडेनेही न जाणारा तो माणूस त्यानंतर दर हंगामात एसटीने दिंडोरीला यायचा आणि टोळ्यांच्या झोपड्यांतून फिरायचा. बायकांना घड्याळ शिकवायचा. पानाची पाठ चोळून वास कसा घ्यायचा ते यमुनाबाईकडून स्वतः शिकला आणि मग दुसऱ्यांना शिकवू लागला. झोपडीतला चहा प्यायचा म्हणे. रजिस्टरवर विश्वास ठेवू नका, हे पहिलं वाक्य. ब्लोअरवाल्याला समोर बोलवा आणि त्याच्या तोंडून ऐका, हे दुसरं. रामदासने मला सांगितलं की हल्ली सर रुमाल काढतच नाहीत. मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्यांना ज्याच्यासमोर तो काढावासा वाटेल असा माणूस त्या झोपड्यांत नव्हता.

सर गेले ते दिवाळीनंतर. वर्तमानपत्रात चार ओळी होत्या. दहाव्याला मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो आणि लांब उभा राहिलो. घाटाच्या पायऱ्यांवर पेठकडच्या सात-आठ बायका बसल्या होत्या. त्यांना कुणी कळवलं कोण जाणे. मी पुढे गेलो नाही.

पंधरा दिवसांनी विरळणीला हात लागला. पाच नंबरच्या प्लॉटवर टोळी लावायची म्हणून मीच झोपड्यांकडे गेलो. यमुनाबाईच्या पत्र्याच्या दारावर खडूने x ≥ २४ लिहिलेलं होतं. हात लिहिण्याचा नव्हता, चित्र काढावं तसं काढलं होतं. ती बाहेर आली.

"पाच नंबरला चला," मी म्हटलं. "औषध परवा सकाळी मारलंय. दोन दिवस होऊन गेले."

"रामदासला बोलवा."

"यमुनाबाई, मी सांगतोय ना. परवा मी स्वतः उभा होतो तिथे."

"तुमच्या तोंडचं नको साहेब. रामदासला बोलवा."

मी फोन लावला. रामदास कालव्यापलीकडे होता, यायला वीस मिनिटं लागणार होती. टोळीतल्या सगळ्या बायका कात्र्या घेऊन झोपड्यांसमोर बसून राहिल्या. यमुनाबाई मात्र माझ्यासमोर उभी होती. तिने चांगल्या डोळ्याने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पदराचं टोक चार बोटांत धरून नाकाला लावलं. रामदास येईपर्यंत ते तसंच होतं.

त्या दिवशी मी खरं सांगत होतो.